फुटबॉलपटूचा तोल कसा मोजतात, आणि वयाप्रमाणे त्याचा अर्थ कसा बदलतो

"मॅडम, गेल्या वर्षी पंच्याण्णव आले होते की. आता नव्वदच कसे?"

समोर चौदा वर्षांचा मुलगा. फरशीवर चिकटपट्टीने आखलेल्या तीन रेघा जिथे मिळतात तिथे तो उजव्या पायावर उभा होता, हात कमरेवर. डावा पाय आधी सरळ पुढे, मग मागे डावीकडे, मग मागूनच उजव्या पायाच्या पलीकडे, जमेल तितका लांब न्यायचा आणि तोल न घालवता परत आणायचा. तिन्ही मापं घेतली, हिशोब केला आणि कागद त्याच्या हातात दिला. वर्षभरात त्याने एकही सराव बुडवला नव्हता. त्यामुळे आकडा बघून त्याचा चेहरा उतरला, आणि सोबत आलेल्या वडिलांचा त्याहून जास्त.

मी टेप घेतली आणि त्याचा पाय पुन्हा मोजला. खुब्याच्या पुढच्या टोकदार हाडापासून घोट्याच्या आतल्या हाडापर्यंत. गेल्या वर्षीच्या कागदावर ८० सेंटिमीटर होते, आता ८४ भरले. उत्तर तिथेच होतं. त्याकडे पुढे येतेच.

मी कोल्हापुरात फिजिओथेरपी करते. आमच्याकडे फुटबॉल पेठांमध्ये मुरलेला आहे. पाटाकडील, खंडोबा, दिलबहार ही नावं तालमींची, आणि मैदानात उतरणारे संघही त्यांचेच. त्यामुळे माझ्याकडे आठ-नऊ वर्षांची पोरं येतात, लीग खेळणारे येतात, आणि पन्नाशी ओलांडल्यावरही रविवारी सकाळी बूट बांधणारे काका येतात. चाचण्या सगळ्यांच्या जवळपास त्याच. पण एकच आकडा नऊ वर्षांच्या पोराबद्दल एक सांगतो, चौदाच्या मुलाबद्दल दुसरं आणि पंचवीसच्या खेळाडूबद्दल तिसरंच. हे न कळल्यामुळे चांगली पोरं बाकावर बसवली जातात आणि ज्यांना खरी मदत हवी ते "पास" होऊन निघून जातात. मला ते फार लागतं, म्हणून हे सविस्तर लिहिते आहे.

तोल सांभाळतं कोण?

आत्ताच उभे राहा, एक पाय उचला. जमलं? आता डोळे मिटा. घोटा थरथरायला लागतो, हात आपोआप बाजूला पसरतात. याचं कारण असं की तोलासाठी मेंदू तीन ठिकाणांहून बातमी घेतो: डोळे, कानाच्या आतला भाग आणि सांधे-स्नायूंमधल्या संवेदना. गुडघा किती वाकलाय, घोटा कुठे कललाय हे न बघता कळतं ते या तिसऱ्या वाटेने. डोळे मिटले की पहिली वाट बंद होते आणि उरलेल्या दोन किती भरवशाच्या आहेत ते उघडं पडतं.

फुटबॉल हा तर मुळात एका पायावरचा खेळ. चेंडू मारताना सगळ्यांची नजर मारणाऱ्या पायावर असते, पण अख्खं शरीर त्या क्षणी पेललेलं असतं ते दुसऱ्या पायाने. धावता धावता वळणं, हेडर मारून खाली येणं, धक्का खाऊनही उभं राहणं, सगळं क्षणभर एकाच पायावर. शिवाय नजर चेंडूवर असल्यामुळे पायाकडे बघायची सोय नाही. घोटा मुरगळणं आणि गुडघ्याचं लिगामेंट तुटणं हे प्रकार अनेकदा अशाच क्षणी होतात, कुणी अंगावर आलेलं नसतानासुद्धा.

दोन चाचण्या

जगभर जास्त वापरात असलेली पहिली चाचणी म्हणजे फंक्शनल मूव्हमेंट स्क्रीन, थोडक्यात एफएमएस. अमेरिकेत ग्रे कुक आणि ली बर्टन यांनी ती बसवली. तालमीत वाढलेल्या माणसाला ती लगेच ओळखीची वाटेल. काठी दोन्ही हातांनी डोक्यावर धरून पूर्ण बैठक मारायची. जोर मारावा तसं अंग जमिनीवरून उचलायचं, पण कंबर मागे न राहता अख्खं शरीर फळीसारखं एकदम. आडव्या बांधलेल्या दोरीवरून पाय पलीकडे टाकायचा. एका रेषेत पाय पुढेमागे ठेवून मागचा गुडघा टेकवायचा. पाठीवर झोपून एक पाय सरळ वर. एक हात खांद्यावरून आणि एक खालून पाठीमागे नेऊन मुठी किती जवळ येतात ते बघायचं. आणि रांगत्या अवस्थेत हात-पाय उचलून कोपर गुडघ्याला लावायचं. अशा सात हालचाली. हालचाल स्वच्छ झाली तर ३ गुण, कुठेतरी मोडतोड करून जमवली तर २, जमलीच नाही तर १. आणि दुखलं तर ०, मग हालचाल कितीही सुंदर असो. एकूण २१.

या शून्याचं महत्त्व मला सगळ्यात जास्त वाटतं. कारण पोरं दुखणं लपवतात. संघातून नाव कटेल या भीतीने दात आवळून बैठक मारतात. म्हणून मी गुणांच्या आधी चेहरा बघते.

दुसरी, त्या मुलाची केली ती, वाय बॅलन्स टेस्ट. तीन रेघांचा आकार इंग्रजी वाय अक्षरासारखा दिसतो म्हणून हे नाव. तिचा हिशोब सोपा आहे. तिन्ही दिशांना पाय किती लांब गेला त्याची बेरीज करायची आणि तिला पायाच्या लांबीच्या तिपटीने भागायचं. त्या मुलाचे गेल्या वर्षीचे आकडे होते ५६, ८८ आणि ८४. बेरीज २२८. पाय ८० सेंटिमीटरचा, त्याची तिप्पट २४०. म्हणजे ९५ टक्के.

तिन्ही दिशा वेगवेगळं बोलतात. पुढच्या दिशेला पाय कमी जात असेल तर मी आधी उभ्या पायाचा घोटा तपासते, कारण पुढे जाताना गुडघा बोटांच्या पुढे झुकावा लागतो आणि आखडलेला घोटा तिथे अडवतो. वर्षापूर्वी मुरगळलेला आणि "आपोआप बरा झालेला" घोटा बरेचदा इथेच सापडतो. मागच्या दोन दिशांना कमी पडत असेल तर खुब्याभोवतीचे स्नायू आणि कमरेवरचा ताबा बघायचा.

डाव्या-उजव्यातला फरकही बघतात. अमेरिकेतल्या शाळकरी बास्केटबॉलपटूंवरच्या २००६ च्या अभ्यासात, पुढच्या दिशेच्या मापात दोन पायांत ४ सेंटिमीटरपेक्षा जास्त फरक असलेल्यांना पायाची दुखापत होण्याची शक्यता अडीच पटीने जास्त आढळली. तेव्हापासून हा ४ चा आकडा सगळीकडे फिरतो. पण तो बास्केटबॉलचा आणि त्या वयाचा आहे, हे सोबत सांगायचं सगळे विसरतात.

घरी किंवा मैदानावर चिकटपट्टी आणि मोजपट्टीवरही हे करता येतं. मात्र नियम दर वेळी तेच ठेवा. बूट काढून की घालून, टाच उचललेली चालेल की नाही, आधी किती वेळा सराव द्यायचा, हे एकदा ठरवून लिहून ठेवा. नाहीतर दोन कागदांची तुलना करून काही हाती लागत नाही.

आठ ते अकरा: अजून घडतंय

लहान पोरांचे एफएमएसचे गुण कमी येतात. जोर जमत नाही, रांगत्या अवस्थेत कोपर गुडघ्याला लावताना पोरगं हसत हसत आडवं होतं. यात दोष काहीच नाही. पोटाचे, पाठीचे स्नायू अजून तयार व्हायचे आहेत. इंग्लंडमधल्या फुटबॉल अकादमीतल्या ११, १३ आणि १६ वर्षांखालच्या मुलांची तुलना केली तेव्हा १६ खालच्यांचे गुण जास्त निघाले, म्हणजे गुणांमध्ये वयाचा आणि वाढीचा वाटा असतोच. शिवाय या वयात एकाच पोराचे सोमवारचे आणि गुरुवारचे आकडे वेगळे येतात. झोप झाली नाही, खिडकीतून मित्र दिसला, संपलं.

म्हणून या वयात मी आकडे काढून पालकांच्या हातात देतच नाही. फक्त दोनच गोष्टी बघते: कुठे दुखतंय का, आणि उडी मारून खाली येताना गुडघे वाकतात का. बाकी पोरांना लंगडी घालू द्या. लंगडी हा एका पायावरच्या तोलाचा आणि ताकदीचा इतका चांगला व्यायाम आहे की सरावाच्या सुरुवातीला दहा मिनिटं लंगडी ठेवणाऱ्या कोचचं मला मनापासून कौतुक वाटतं.

फिफाचा लहान मुलांसाठी बसवलेला वॉर्म-अपचा कार्यक्रम आहे, इलेव्हन प्लस किड्स. त्यातही एका पायावर उभं राहणं, उड्या आणि नीट पडायचं कसं याचाच सराव असतो. युरोपातल्या चार देशांत तो तपासला, त्याचे निष्कर्ष २०१८ मध्ये आले. तो करणाऱ्या संघांत दुखापती ४८ टक्के कमी झाल्या.

बारा ते पंधरा: पाय आधी, ताबा नंतर

आता त्या मुलाकडे येऊ. या वर्षीही त्याची बेरीज २२८ च होती. एका सेंटिमीटरचाही फरक नाही. पण पाय ८४ चा झाला, तिप्पट २५२, आणि २२८ ला २५२ ने भागलं की ९० च्या थोडं वर. तो मागे गेलाच नव्हता. त्याची मोजपट्टी लांब झाली होती.

वडिलांना मी हे कागदावर मांडून दाखवलं, तेव्हा ते म्हणाले, "म्हणजे बिघाड नाही म्हणायचा?" बिघाड नाही, पण दुर्लक्ष करण्यासारखंही नाही. उंची झपाट्याने वाढण्याचा काळ मुलींमध्ये साधारण बाराव्या वर्षाच्या आसपास आणि मुलांमध्ये चौदाव्याच्या आसपास येतो, आणि त्यात कमीजास्त एखाद-दोन वर्षं सहज होतात. हाडं आधी लांबतात आणि स्नायूंची लांबी व ताकद मागून येते. शरीराचा भार जमिनीपासून वर सरकतो. पाय कुठे आहे याचा मेंदूने बसवलेला अंदाज जुना पडतो. कालपर्यंत सहज चेंडू थांबवणारं पोर अचानक अडखळतं. कोच म्हणतो लक्ष नाही, आई म्हणते मोबाइलमुळे झालंय. पोरगं बिचारं नव्या पायांची सवय करून घेत असतं.

याच काळात हाडांच्या टोकाशी वाढीची कूर्चा असते आणि तिच्यावर स्नायूंचा ताण येतो. टाचेत दुखणं, गुडघ्याच्या वाटीखाली टेंगूळ येऊन दुखणं हे त्याचेच प्रकार. "वाढीचं दुखणं आहे, खेळ तू" असं सांगून पळवू नका. अशा वेळी धावण्या-उड्यांचं प्रमाण काही आठवडे कमी करावं लागतं, आणि बहुतेक वेळा खेळ पूर्ण बंद करायची गरज पडत नाही.

कोचसाठी माझी एकच कळकळीची विनंती आहे. दर तीन महिन्यांनी, एकाच भिंतीवर, अनवाणी, उंची मोजा आणि तारीख टाका. खर्च एका पेन्सिलीचा. रेघ एकदम वर गेली की त्या पोराच्या उड्या आणि धावा कमी करा, तोलाचा आणि ताकदीचा सराव वाढवा, आणि त्या काळात निवड चाचणीत त्याला कायमचं बाद करू नका. इंग्लंडमध्ये प्रीमियर लीगच्या अकादम्यांनी जन्मतारखेऐवजी वाढीच्या टप्प्याप्रमाणे गट पाडून सामने खेळवून बघितले आहेत. एकाच वर्षी जन्मलेल्या दोन मुलांत एकाला मिसरूड फुटलेली आणि दुसरा अजून लहानखुरा, हे आपल्या प्रत्येक शाळेच्या संघात दिसतं. दोघांना एकाच आकड्याने मोजणं अन्याय आहे.

मुलींच्या बाबतीत या वयापासून गुडघा जास्त जपावा लागतो. फुटबॉल खेळणाऱ्या मुलींत एसीएल, म्हणजे गुडघ्याच्या आतलं एक मुख्य लिगामेंट, तुटण्याचं प्रमाण तितकाच वेळ खेळणाऱ्या मुलांपेक्षा दोन ते तीन पट आढळतं. उडीवरून खाली येताना गुडघे एकमेकांकडे कलतात का, हे फिजिओ एवढ्यासाठीच बघतात. मोबाइलवर समोरून व्हिडिओ घेतला आणि सावकाश चालवला की कुणालाही दिसतं. मुलीलाच तो दाखवला तर पुढच्या उडीला ती स्वतःहून सुधारते, हे मी कितीदा तरी पाहिलं आहे.

१४ च्या आकड्याची गोष्ट

मोठ्या खेळाडूंकडे वळण्याआधी एक गैरसमज दूर करायला हवा. २००७ मध्ये अमेरिकन फुटबॉल, म्हणजे हेल्मेट घालून खेळतात तो, खेळणाऱ्या ४६ व्यावसायिक खेळाडूंचा एक अभ्यास आला. एफएमएसमध्ये १४ किंवा कमी गुण असणाऱ्यांना गंभीर दुखापतीचा धोका बराच जास्त दिसला. लगेच १४ ही जणू पास-नापासची रेघ झाली. पुढे इतर खेळांत, इतर वयांत मोठे अभ्यास झाले तेव्हा ही रेघ टिकली नाही.

का टिकली नाही? एक काल्पनिक संघ घ्या. ३० खेळाडू. चाचणीत ६ जणांचे गुण कमी, २४ जणांचे चांगले. हंगामात कमीवाल्या ६ पैकी ३ जखमी झाले आणि चांगल्या २४ पैकी ८. म्हणजे कमीवाल्यांत दर दोघांत एक, चांगल्यांत दर तिघांत एक. धोका खरोखर जास्त होता, चाचणी खोटं बोलली नाही. पण एकूण ११ जखमींपैकी ८ जण "चांगल्या" गटातलेच निघाले, आणि नापास ठरवलेल्यांतले ३ जण हंगामभर ठणठणीत खेळले. त्या सहांना घरी बसवलं असतं तर काय साधलं असतं? नॉर्वेचे रोआल्ड बार यांनी २०१६ मध्ये नेमका हाच मुद्दा ठामपणे मांडला. नॉर्वेतल्याच वरच्या दर्जाच्या फुटबॉल आणि हँडबॉल खेळाडू मुलींची उडीची चाचणी घेऊन पुढची कित्येक वर्षं लक्ष ठेवलं, तेव्हाही कुणाचा एसीएल तुटेल हे त्या चाचणीवरून ओळखता आलं नाही.

मग चाचणी घ्यायचीच कशाला? मी घेते ती तीन कारणांनी. लपवलेलं दुखणं बाहेर येतं. कुणाला कशावर काम द्यायचं ते कळतं. आणि सगळ्यात उपयोगाचं म्हणजे, खेळाडू धडधाकट असतानाचं माप हाताशी राहतं. सहा महिन्यांनी घोटा मुरगळला तर "आता बरं वाटतंय" या शब्दावर न विसंबता त्याच्याच जुन्या मापाशी ताडून बघता येतं. निवड समितीच्या हातात मात्र हा कागद देऊ नये असं माझं ठाम मत आहे.

लीग खेळणारे

विशीच्या पुढे वाढ थांबलेली असते, म्हणून इथे आकडे जास्त भरवशाचे. पण इथे चाचणीपेक्षा एक प्रश्न मोठा ठरतो: आधी काय दुखावलं होतं? जुनी दुखापत हा नव्या दुखापतीचा सगळ्यात भक्कम इशारा आहे. युरोपातल्या बड्या क्लबांच्या २००१ पासून चाललेल्या नोंदींत मांडीच्या मागच्या स्नायूच्या, म्हणजे हॅमस्ट्रिंगच्या दुखापतींचा वाटा २१ हंगामांत १२ टक्क्यांवरून २४ टक्क्यांवर गेला. तोलाची चाचणी हे पकडत नाही, तिथे ताकदच मोजावी लागते. यावरचा व्यायाम फुकट आहे. गुडघ्यांवर बसायचं, जोडीदाराने घोटे घट्ट धरायचे आणि अंग ताठ ठेवून होईल तितकं सावकाश पुढे झुकत जायचं. त्याला नॉर्डिक म्हणतात. नियमित केला तर या दुखापती जवळपास निम्म्याने कमी होतात. पहिल्या आठवड्यात मांड्या सडकून दुखतात, म्हणून पोरं सोडून देतात. थोड्याच आवर्तनांनी सुरुवात करा आणि सामन्याच्या आदल्या दिवशी करू नका.

संघात फिजिओ नसेल, चाचणीला वेळ नसेल, तरी फिफाचा इलेव्हन प्लस कार्यक्रम करता येतो. वीस मिनिटं, धावणं, ताकद, तोल, उड्या. नॉर्वेत १३ ते १७ वर्षांच्या मुलींवर झालेल्या मोठ्या अभ्यासात, २००८ मध्ये, दुखापतींचा एकूण धोका सुमारे एक तृतीयांशाने घटला होता. कुणाचीही आधी चाचणी घेतली नव्हती, कार्यक्रम करणाऱ्या संघांत सगळ्यांनाच व्यायाम दिला होता.

रविवार सकाळवाले

चाळिशीनंतर पोटरी आणि टाचेमागची शीर आधी बोलायला लागते, आणि तोल इतका हळूहळू उतरतो की स्वतःला कळत नाही. ब्राझीलमध्ये ५१ ते ७५ वयाच्या १७०२ माणसांना दहा सेकंद एका पायावर उभं राहायला सांगितलं होतं. ५१ ते ५५ च्या गटात जेमतेम ५ टक्के लोकांना ते जमलं नाही. ७१ ते ७५ मध्ये निम्म्याहून जास्त जणांना.

माझ्याकडे येणारे एक काका अठ्ठावन्नचे आहेत. डोळे उघडे ठेवून अर्धा मिनिट आरामात उभे राहिले, "बघा मॅडम" म्हणाले. डोळे मिटायला सांगितले आणि चौथ्या सेकंदाला हात भिंतीला लागला. ते खट्टू झाले, पण त्या वयाला त्यात घाबरण्यासारखं काही नाही. मी त्यांना डेन्मार्कमधला एक अभ्यास सांगितला. आयुष्यभर फुटबॉल खेळत राहिलेल्या ६५ च्या पुढच्या पुरुषांचा तोल, कधी व्यायाम न करणाऱ्या तिशीच्या तरुणांच्या तोडीचा निघाला होता.

आता ते रोज सकाळी दात घासताना एका पायावर उभे राहतात, बेसिनला एक बोट टेकवून. डाव्या पायावर वरचे दात, उजव्यावर खालचे. परवा आले तेव्हा डोळे मिटून सात सेकंद झाले.